निराशा देवापासून लपवू नका

पूर्वरंग



मंडळी, आजचा विषय आहे निराशा. कीर्तनात आनंदाचे विषय सोपे असतात. नाताळचं आख्यान लावलं की टाळ आपोआप वाजू लागतात. निराशेचा विषय काढला की मंडळी जरा आखडून बसतात. कारण ज्याच्या त्याच्या घरात काहीतरी झाकून ठेवलेलं असतं. पोरगं तीन-तीन वर्षं पोलीस भरतीसाठी पहाटे उठून धावतं, आणि यादी लागते तेव्हा त्यात त्याचं नाव नसतं. कांदा आडतीवर नेला, पट्टी हातात आली, तर गाडीभाडंसुद्धा सुटलेलं नाही. लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. एखाद्या जोडप्याने दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या, उपास केले, प्रार्थना केल्या, तरी पाळणा हलला नाही.

हे दुःख आहेच. पण त्याच्यावर आणखी एक दुःख आपणच ठेवतो. कुणीतरी भेटायला येतं, चहा घेतं आणि जाता जाता म्हणतं, "विश्वास कुठेतरी कमी पडला असेल बघा." झालं! त्या माणसाने काय करावं? आधी हाती काही लागलं नाही, आणि आता विश्वासही खोटा ठरला. मग तो रविवारी उपासनेला येतो, हसतो, "देवाची स्तुती असो" म्हणतो आणि घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडतो. हळूहळू येणंच बंद होतं. मंडळीत अशी किती माणसं आपण गमावली असतील, याचा विचार करा.

म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. निराश होणं म्हणजे अविश्वास नव्हे. निराशा देवापासून लपवणं, हे मात्र घातक आहे. पवित्र शास्त्र उघडून बघा. तिथल्या भक्तांनी निराशा झाकली नाही, ती थेट देवासमोर ओतली. आणि देवाने त्यांना दारातून हाकललं नाही.

आता शब्द बघू. आपल्याकडे म्हण आहे, आशा सुटेना आणि देव भेटेना. या म्हणीतली आशा म्हणजे हाव, मोह. ती सुटली पाहिजे, हे खरंच आहे. पण पवित्र शास्त्रात आशा हा शब्द येतो, त्याचा अर्थ निराळा. पौलाने विश्वास, आशा आणि प्रीती ही तिन्ही एका ओळीत बसवली आहेत. ती आशा सोडायची नसते, धरायची असते. मग सोडायचं काय आणि धरायचं काय?

बघा, अपेक्षा आणि आशा यांत फरक आहे. अपेक्षेला तारीख असते. या जूनमध्ये नोकरी लागली पाहिजे, या दिवाळीला लग्न झालं पाहिजे. अपेक्षा करणं पाप नाही. पेरणारा माणूस पिकाची अपेक्षा करणारच. पण अपेक्षा असते अमुक एका गोष्टीवर, आणि आशा असते कुणावर तरी. लहान मूल बापाकडे जत्रेत फुगा मागतं. फुगा मिळाला नाही तर ते रडतं, हातपाय आपटतं. पण रडतं कुणाच्या खांद्यावर? त्याच बापाच्या! अपेक्षा मोडली, पण बापावरची आशा मोडली नाही. रडणारं मूल बापाचा हात सोडून गर्दीत पळालं, तर मात्र धोका. निराशेत आपण नेमकं हेच करतो.

आता शास्त्रातले दाखले घेऊ. पहिली हन्ना, शमुवेलाची आई. एलकाना नावाच्या माणसाच्या दोन बायका, हन्ना आणि पनिन्ना. पनिन्नेला मुलंबाळं होती, हन्नेची कूस रिकामी. वर्षाच्या वर्षाला सगळं कुटुंब शिलोला उपासनेला जायचं, आणि नेमकं तिथेच पनिन्ना तिला टोचून बोलायची. सणाच्या दिवशी, देवाच्या दारात! हन्ना जेवायची नाही, रडायची. नवरा प्रेमळ होता, पण तोही काय म्हणाला? दहा मुलांपेक्षा मी तुला जास्त नाही का, असं विचारलं. भाव चांगला, पण दुःख कळलं नाही. मग ती उठून मंदिरात गेली आणि देवापुढे मन रितं केलं. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. समोर याजक एली बसलेला. त्याने बघितलं आणि त्याला वाटलं, ही बाई दारू पिऊन आली आहे!

बघा मंडळी, सवतीला कळलं नाही, नवऱ्याला कळलं नाही, याजकालाही कळलं नाही. पण ती लाजून घरी पळाली नाही. तिने याजकाला शांतपणे सांगितलं, की मी प्यायलेली नाही, दुःखी आहे, देवापुढे जीव ओतते आहे. एलीने आपली समज बदलली आणि तिला आशीर्वाद दिला. ती परत गेली, जेवली आणि तिचा चेहरा पूर्वीसारखा उदास राहिला नाही. आता नीट ऐका. चेहरा कधी बदलला? शमुवेल जन्मल्यावर नव्हे. त्याच दिवशी बदलला. मूल अजून पोटातही नव्हतं. पदरात काहीच पडलं नव्हतं, पण एकटीने उचललेलं ओझं आता दोघांचं झालं होतं.

पुढे हन्नेला शमुवेल मिळाला. प्रत्येक हन्नेला शमुवेल मिळतोच, असं मी या चौरंगासमोर उभा राहून सांगणार नाही. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली आणि काटा राहिलाच. कृपा मात्र पुरली. पण हन्नेसारखं देवासमोर रडायला प्रत्येकाला परवानगी आहे, एवढं मी ठामपणे सांगतो.

दुसरा दाखला एलीयाचा. एलीया म्हणजे केवढा संदेष्टा! कर्मेल डोंगरावर बआलाचे साडेचारशे संदेष्टे एका बाजूला, हा एकटा दुसऱ्या बाजूला, आणि स्वर्गातून अग्नी उतरला. लोक पालथे पडले. एलीयाला वाटलं असेल, आता देश सुधारणार. आणि झालं काय? राणी ईजबेलीचा निरोप आला, की उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते. सगळ्या विजयावर पाणी पडलं. तो जीव घेऊन पळाला. बैर-शेब्याला पोचला, चाकराला तिथेच ठेवलं आणि एकटा रानात शिरला. निराश माणूस हेच करतो, बरोबर असलेल्यालाही मागे ठेवतो. दिवसभर चालून तो एका रतामाच्या झुडपाखाली बसला आणि त्याने देवाकडे मरण मागितलं.

आता देवाने काय करावं? काल आग पाडून दाखवली, आज हा मरण मागतो! आपण असतो तर म्हणालो असतो, "अरे, विश्वास कुठे गेला तुझा?" देवाने एक शब्द टोचून बोलला नाही. दूत पाठवला. दूताने त्याला हात लावून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचं भांडं होतं. तो खाऊन पुन्हा झोपला. देवाने झोपू दिलं! दूताने दुसऱ्यांदा उठवलं, पुन्हा खायला सांगितलं, कारण वाट लांबची होती. उपदेशाच्या आधी भाकर आली, पाणी आलं, झोप आली.

म्हणून घरात कुणी मरणाच्या गोष्टी बोलू लागलं, तर त्याला वचनांचा मारा करू नका. त्याला एकटं सोडू नका. जवळ बसा, जेवू घाला, बोलतं करा, आणि डॉक्टरकडेही न्या. डॉक्टरकडे नेणं हा अविश्वास नव्हे. निखाऱ्यावरची भाकर जशी देवाने पाठवली, तसं औषधही त्यानेच पाठवलेलं आहे.

पुढे एलीया होरेब डोंगरावर गेला. वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला, पण परमेश्वर त्यांत नव्हता. शेवटी शांत, हळू वाणी ऐकू आली. इथे काय करतोस, असं देवाने त्याला दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा एलीयाने तीच तक्रार केली, की मी एकटाच उरलो आहे. देवाने ती दोन्ही वेळा ऐकून घेतली. मग त्याने एलीयाला दोन गोष्टी दिल्या. एक, काम दिलं: परत जा, हजाएलाला आणि येहूला राजा म्हणून अभिषेक कर, आणि अलीशाला तुझ्या जागी संदेष्टा कर. दुसरी, हिशोब दुरुस्त केला: तू एकटा नाहीस, बआलापुढे गुडघा न टेकलेले सात हजार शिल्लक आहेत. निराशेचं गणित नेहमी असं चुकतं. सात हजार असतात, पण झुडपाखालून एकच दिसतो.

आता तिसरा दाखला, यिर्मयाचा. आपल्या घराघरांत एक वचन टांगलेलं असतं, की देवाने आपल्यासाठी हिताचे संकल्प केले आहेत आणि चांगला शेवट ठरवला आहे. कॅलेंडरवर असतं, घड्याळावर असतं, लग्नाच्या पत्रिकेवरही असतं. वचन खरं आहे. पण ते कोणत्या पत्रात आहे, हे पुढचंमागचं वाचून बघा. लोकांना बाबेलला धरून नेलं होतं. घर गेलं, मंदिर दूर राहिलं. तेव्हा हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहिला आणि म्हणाला, दोन वर्षांत सगळं परत येईल. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होतं, तेही त्याने मोडून दाखवलं. असा संदेश कुणाला आवडणार नाही? पण देवाने त्याला पाठवलंच नव्हतं. यिर्मयाने पत्र लिहिलं, की सत्तर वर्षं लागतील. तोवर तिथेच घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे, त्या शहराचं भलं चिंता.

सत्तर वर्षं! पत्र ऐकणाऱ्यांपैकी पिकल्या केसाच्या माणसांना कळून चुकलं असेल, की आपण काही परत जात नाही. तरी देव त्यांना सांगतो, मळे लावा. हिताचे संकल्प ते हेच. आजही हनन्या कमी नाहीत. अमुक दान द्या, अमुक दिवस उपास करा, दोन महिन्यांत नोकरी, वर्षात बंगला. असं ऐकून माणूस अपेक्षा वाढवतो, आणि ती मोडली की देवावरच रुसतो. देवाने जे वचन दिलंच नव्हतं, त्याच्यासाठी देवाला दोषी धरतो. म्हणून निराश झालात की आधी तपासा: हे देवाने सांगितलं होतं, की हनन्याने?

आणि शेवटचा दाखला अम्माऊसच्या वाटेचा. प्रभू येशूला वधस्तंभावर दिलं, तिसरा दिवस उजाडला. दोन शिष्य यरुशलेमेहून अम्माऊसला चालले होते. त्यांतल्या एकाचं नाव क्लयपा. वाट सुमारे अकरा किलोमीटरची. पाय ओढत, मान खाली घालून चालले होते. तिसरा प्रवासी येऊन मिळाला, पण त्यांनी ओळखलं नाही. त्याने विचारलं, काय बोलत चालला आहात? ते उदास होऊन उभे राहिले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची अपेक्षा होती, की हाच इस्राएलाला सोडवील. आणि तोच मारला गेला.

गंमत बघा. ज्याच्याबद्दल निराश झाले, त्यालाच ती निराशा सांगत होते! आणि तो ऐकत होता. मी तोच आहे, असं त्याने लगेच सांगून टाकलं असतं, तर वाट तिथेच संपली असती. त्याने आधी त्यांना सगळं बोलू दिलं. मग त्यांना मतिमंद म्हटलं खरं, पण त्यांची साथ सोडली नाही. मोशेपासून सगळ्या संदेष्ट्यांचं शास्त्र उलगडून सांगत बरोबर चालला. सांज झाली, त्यांनी आग्रह केला, तो घरात गेला, भाकर मोडली आणि त्यांचे डोळे उघडले. मग ते दोघे त्याच घटकेला उठून यरुशलेमेला परत निघाले. तीच वाट, तेच अकरा किलोमीटर, रात्रीची वेळ. येताना पाय उचलत नव्हते, जाताना थकवा कुठे गेला, कळलं नाही.

प्रभू स्वतः या वाटेने गेला आहे, म्हणून तो बरोबर चालू शकतो. गेथशेमाने बागेत त्याने प्याला टळावा म्हणून बापाजवळ मागितलं. प्याला टळला नाही. वधस्तंभावर त्याने बापाला विचारलं, की मला का सोडलंस. ज्या ओठांनी हा प्रश्न विचारला, ते ओठ तुमच्या प्रश्नाला पाखंड म्हणणार नाहीत.

(येथे भजन झाले व नंतर उत्तररंगास सुरुवात झाली.)

उत्तररंग

आता आख्यान घेऊ. आख्यान पंडिता रमाबाईंचं. मुक्ती सदन सगळ्यांना ठाऊक आहे. पुणे-दौंड मार्गावर केडगाव लागतं, तिथे ते आजही आहे. पण त्या मुक्तीपर्यंतची वाट किती अपेक्षाभंगांतून गेली, हे आज बघू.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, संस्कृतचे मोठे विद्वान. स्त्रीला संस्कृत शिकवू नये, अशा काळात त्यांनी बायकोला शिकवलं, आणि त्या आईने लेकीला शिकवलं. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरायचं, देवळांत पुराण सांगायचं. म्हणजे बघा, आपल्याच परंपरेतली माणसं. हजारो श्लोक रमाबाईंना तोंडपाठ होते. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. वडील गेले, मग आई गेली, मग थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं अनवाणी देशभर चालत राहिले. १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीचं ज्ञान बघून तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या.

आता सुखाचे दिवस आले असं वाटतं ना? १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी नावाच्या वकिलाशी लग्न झालं. मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि १८८२ साली पटकीने नवरा गेला. मुलगी अजून वर्षाचीही नव्हती. चोवीस वर्षांच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा, सगळे गेले.

पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला. शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली, की आमच्या बायका पुरुष डॉक्टरपुढे येत नाहीत, त्या उपचाराविना मरतात, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात. आणि मनात ठरवलं, की आपणच डॉक्टर व्हायचं. पुस्तक लिहून पैसे उभे केले आणि १८८३ साली दोन वर्षांच्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज इथे त्याच वर्षी त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

मंडळी, बाप्तिस्मा झाला म्हणून अडचणी संपल्या का? नाही. ज्या कामासाठी समुद्र ओलांडला, तेच हातातून गेलं. रमाबाईंना कमी ऐकू येऊ लागलं होतं, आणि ते वाढतच गेलं. वर्गातलं ऐकू येत नाही, रोग्याच्या छातीचे ठोके ऐकू येणार कसे? डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला. काय वाटलं असेल? देशासाठीच मागितलं होतं, स्वतःसाठी नव्हे. मागणं चांगलं होतं, तरी दार बंद झालं.

मग त्यांनी काय केलं? हाताशी असलेलं काम धरलं. चेल्टनहॅम इथल्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत होत्या, तिथेच संस्कृत शिकवू लागल्या. १८८६ साली अमेरिकेला गेल्या. कशासाठी? आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या, त्यांच्या पदवीदानासाठी. ११ मार्च १८८६ला फिलाडेल्फियात तो समारंभ झाला. जी पदवी आपल्याला हवी होती, ती दुसरीला मिळताना बघायला ही बाई समुद्र ओलांडून गेली! आपल्याला हे जमतं का हो? शेजारच्या पोराचा नंबर लागला, की आपण पेढा तोंडात टाकतो, पण तो घशाखाली उतरत नाही. दुसऱ्याच्या आनंदाला जाऊन बसणं, हे निराशेवरचं फार कडू, पण फार गुणकारी औषध आहे.

अमेरिकेत त्यांनी बालशिक्षणाची पद्धत शिकून घेतली, पुस्तक लिहिलं, ठिकठिकाणी व्याख्यानं दिली, विधवांच्या शाळेसाठी मदत जमवली. ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या, ज्यांच्याशी पुढे धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. नंतर सदन पुण्याला आलं. काम वाढलं. आणि १८९३ साली पुन्हा घाव बसला. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांना बाटवणार, असा गवगवा झाला. सल्लागार मंडळातल्या मोठमोठ्या माणसांनी राजीनामे दिले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. पालकांचीही काळजी आपण समजून घेतली पाहिजे. लेकरांची काळजी कुणाला नसते? पण रमाबाईंनी ज्यांच्यावर भिस्त ठेवली, त्यांनी पाठ फिरवली, हेही खरं. उरलेल्या मुलींना घेऊन त्या शिकवत राहिल्या.

मग १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं अन्नाविना मरत होती. रमाबाई तिकडे गेल्या. थांबा, इथे जरा विचार करा. दुष्काळात आईबाप गमावलेली मुलगी आता अडतिशीत होती आणि स्वतःहून दुष्काळात परत जात होती. रस्त्याकडेला बसलेल्या त्या पोरींत तिला काय दिसलं असेल? शेकडो मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगमुळे नव्या माणसांना ठेवण्यावर बंधनं आली, तेव्हा केडगावच्या जमिनीवर झोपड्या उभारल्या, विहिरी खणल्या. तेच मुक्ती सदन. पुढच्या दुष्काळात तिथल्या माणसांची संख्या हजारावर गेली. शेती, विणकाम, छापखाना, शाळा, आंधळ्यांना ब्रेल शिकवणं, सगळं तिथे चाललं.

आता कुणी कीर्तनकार म्हणेल, बघा, देवाने कान बंद केले म्हणून मुक्ती उघडली! असा हिशोब मी मांडणार नाही. देवाने बाईंचा नवरा नेला, कारण त्याला शाळा हवी होती, असं म्हणणं देवाच्या प्रीतीला शोभत नाही. का झालं, ते देव जाणे. आपल्याला एवढंच दिसतं, की प्रत्येक बंद दाराशी बाई थांबल्या, रडल्याही असतील, पण देवाचा हात सोडून गर्दीत पळाल्या नाहीत. जे उरलं, त्यातून काम उभं राहिलं.

आणि शेवटचा घाव तर सगळ्यांत खोल. मनोरमा मोठी झाली, शिकली, आईचा उजवा हात झाली. आईचं काम पुढे तीच चालवणार, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. १९२१च्या जुलैत मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. आई त्रेसष्ट वर्षांची, थकलेली. त्या वेळी बाईंच्या हातात एक काम होतं. इब्री आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून त्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. लेक गेल्यावरही ते काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई देवाघरी गेल्या. ते संपूर्ण शास्त्र छापून बाहेर पडलं १९२४ साली, बाईंच्या मागे. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी.

छापलेलं पुस्तक बाईंनी डोळ्यांनी बघितलं नाही. बाबेलमध्ये मळे लावणाऱ्या म्हाताऱ्यांसारखंच हे. आपण फळ खाणार नाही, हे ठाऊक असूनही झाड लावायचं. याचंच नाव आशा.

समारोप

तर मंडळी, घरी जाताना काय घेऊन जायचं? अपेक्षा मोडली, तर ती मोडली असं देवाला स्पष्ट सांगा. सुंदर शब्द शोधू नका. हन्नेसारखे नुसते ओठ हलले तरी चालतील. राग आला असेल, तर रागही सांगा. स्तोत्रकर्त्यांनी सांगितला आहे. मग जेवा आणि झोपा. एलीयाला ते सांगावं लागलं, आपल्यालाही लागतं. एकटे राहू नका. निदान एका माणसाबरोबर चार पावलं चाला. हे वचन देवाचं, की हनन्याचं, तेही तपासा. आणि उद्या सकाळी हाताशी जे छोटं काम असेल, ते करा. मोठं दार कधी उघडेल, ते ठाऊक नाही. पण गोठ्यातली गाय, पोराचा डबा, शेजारच्या आजारी माणसाची चौकशी, ही कामं उद्या सकाळीही असणारच आहेत.

आणि ज्यांना आज निराशा नाही, त्यांनी एवढं करावं. निराश माणसाच्या घरी जाल, तेव्हा त्याचा विश्वास मोजायला बसू नका. एलीसारखी चूक होऊ शकते, आसवांना दारू समजण्याची. ऐका, गरज पडली तर भाकर टाकून द्या, आणि गप्प बसा. प्रभू वाटेत आधी ऐकत चालला, आपल्याला निदान अर्धा तास ऐकता येईल.

हे देवबापा, आमच्यातल्या कुणाची काय अपेक्षा मोडली, ते तुला ठाऊक आहे. आम्ही ती तुझ्यापासून लपवत नाही, तुझ्या पायाशी ठेवतो. आमच्या वाटेवर आमच्याबरोबर चाल, संध्याकाळी आमच्या घरी थांब, आणि उद्याच्या कामापुरतं बळ दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.

बोला, प्रभू येशू ख्रिस्ताचा जयजयकार असो!